आक्काताई हाक्केची उंची

"अहो दादा, तिला चालता येत नाही का?" मी विचारलं.

मैदानाच्या फाटकातून एक गडी चांगल्या धडधाकट पोरीला पाठीवर घेऊन आत येत होता. पोरगी लहान नव्हती, चोवीस-पंचविशीची असेल. पायांत पळायचे बूट, छातीवर नंबराचं कापड. रांगेतल्या बाकीच्या पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या आणि ही बिचारी त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती.

"न्हाई म्याडम, पळण्यात पयली येती," गडी धापा टाकत म्हणाला. "पन उंची झाल्याबिगर खाली ठिवायची न्हाई, असं ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"म्या."

"दादा, पुरे की आता. लाज आणलीस नुसती," पाठीवरून आवाज आला.

"लाज गेली खड्ड्यात. पाय टेकायचा न्हाई."

हा बिरू हाक्के आणि पाठीवरची त्याची बहीण, आक्काताई. जतच्या पलीकडच्या एका वाडीतून बिरूने तिला पिकअपच्या हौद्यात गादी टाकून, आडवी निजवून आणलं होतं. माणूस झोपून उठतो तेव्हा उंच असतो आणि दिवसभर उभा राहिला, चालला की मणके दबून उंची कमी होते, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. चौगुलेबाई, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या हवालदार, त्यावर खो खो हसल्या. मला हसू आलं, पण मी चेष्टा केली नाही. कारण गडी बोलत होता ते शंभर टक्के खरं होतं. आम्हाला कंपनीत ते शिकवलेलं होतं.

मी निशिगंधा पोवार, इचलकरंजीची. फटकळ म्हणून घरात प्रसिद्ध. त्या काळात मी एका कंपनीत होते आणि अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन हे माझं काम. साधा कॅमेरा चेहरा दाखवतो, हा कॅमेरा समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगतो. पण तो जन्मतः शहाणा नसतो. त्याला शिकवावं लागतं, की बाबा रे, ही सपाटी, हे एवढं अंतर, इथून पुढे मोज. ते शिकवणं म्हणजे कॅलिब्रेशन. एका महामंडळाच्या सुरक्षा दलात बायकांची भरती होती आणि लाकडी पट्टीऐवजी पहिल्यांदाच कॅमेऱ्याने उंची मोजणार होते. म्हणून मला तिथे धाडलेलं.

"म्याडम, ह्ये मशीन खोटं तर बोलत न्हाई न्हवं?" बिरूने विचारलं. बहीण अजून पाठीवरच.

"मशीनला कशाला खोटं बोलायची हौस असेल?" मी म्हणाले. "हे बघा, वर खांबाला तो कॅमेरा. खाली हा पोलादी पाट. रिकामा पाट आपल्यापासून किती लांब आहे ते कॅमेऱ्याला आम्ही पहाटे शिकवलंय. पोरगी पाटावर उभी राहिली की तिचं डोकं किती लांब आहे ते तो बघणार. मोठ्या अंतरातून धाकटं वजा केलं की उंची. आहे काय त्यात?"

"मंजे शिकिवलं तसं बोलतंय."

"शिकवलं तसंच बोलतं."

"मग झालं," तो म्हणाला आणि रांगेच्या दोरीपाशी जाऊन तिला पाठीवर घेऊनच उभा राहिला. दोरीच्या आत बाप्यांना मनाई होती. तिची पाळी येईपर्यंत तो गडी तसाच उभा होता.

पहाटेचं सांगते. दिवस उगवायच्या आधी मी काळ्यापांढऱ्या चौकटींचा बोर्ड निरनिराळ्या बाजूंनी धरून कॅमेरा जुळवला, लेव्हल लावून पाट सपाट केला, दांड्याने तपासलं. हा दांडा म्हणजे दीड मीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा, वर बशीएवढी चकती. पाटावर उभा केला की पडद्यावर बरोबर दीडशे सेंटिमीटर आले पाहिजेत. आले. मग निवड समितीचे अध्यक्ष इनामदार साहेब आले, त्यांच्यासमोर सगळं लॉक झालं. लॉक म्हणजे कॅमेऱ्याला शिकवलेलं आता कुणालाही बदलता येणार नाही. मलासुद्धा नाही. पासवर्डचा अर्धा भाग इनामदार साहेबांकडे, अर्धा मुंबईला मुख्यालयात. गेल्या भरतीत लाकडी पट्टीवर लई भानगडी झाल्या होत्या, केसांत मेण लपवण्यापासून ते पट्टी धरणाऱ्याला चहा पाजण्यापर्यंत. ह्या खेपेला कुणाला बोट दाखवायला जागा नको, म्हणून हा बंदोबस्त. मला तो मनापासून पटला होता.

आणि मग महामंडळाचे संचालक भाऊसाहेब आले. नवं यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. कॅमेऱ्याला हळदीकुंकू लावायला निघाले, तेव्हा मी हात पसरून आडवी झाले. "भिंगाला नको साहेब, खांबाला लावा." ते त्यांनी ऐकलं. झेंडूचा हार खांबाला घातला. नारळ फोडायला मी मुद्दाम एक दगड आणून ठेवला होता. पण भाऊसाहेब म्हणाले, "दगडावर फोडून काय दगडाची पूजा करायची आहे का?" आणि त्यांनी नारळ आपटला तो पाटाच्या कोपऱ्यावर. नारळही असला चिवट की पहिल्यांदा फुटेना, दुसऱ्यांदा फुटेना. भाऊसाहेबांना भलताच जोर चढला, तिसऱ्या दणक्याला फुटला. टाळ्या झाल्या. मी पाट पुसला आणि इनामदार साहेबांना म्हणाले, "साहेब, एकदा दांडा लावून बघते."

"लॉक झालंय ना पोवारबाई?"

"झालंय, पण..."

"लॉक झाल्यावर पाटावर फक्त उमेदवार. नियमावली तुमच्याच कंपनीने लिहिली आहे." आणि मग सनई लावली, भाषण झालं, भरती सुरू झाली.

आक्काताईची पाळी आली तेव्हा ऊन तापलं होतं. बिरूने तिला दोरीपलीकडे अलगद उतरवलं, बूट काढून घेतले, आणि ती पाटाशेजारच्या बाकड्यावर माझ्यापुढे बसली. केस फुगलेले असले की कॅमेरा केसांनाच डोकं समजतो. म्हणून प्रत्येक पोरीचे केस सोडून, ओले करून सपाट बसवायचे, हे माझ्याकडेच होतं. मी पाण्याचा हात फिरवला तर उजव्या कानाच्या वर बोटभर जागा गुळगुळीत लागली. तिथे केसच नव्हते.

"हे काय गं?"

"तांब्या लागला होता."

"पडलीस?"

"नाही, फेकला होता." ती शांतपणे म्हणाली. "नवऱ्यानं."

मी विंचरत राहिले. ती आपणहून बोलली. ही पोरगी बी. ए. झालेली, वाडीत पहिली. "दोन वर्षं झाली मी माहेरी आले. आमच्यात बैठक बसते, पंच असतात. ते म्हणाले, परत नांदायला जा. दादा भांडला सगळ्यांशी. मग ठरलं, की भरती होईपर्यंत माहेरी राहायचं. लागली नोकरी तर कुणी काही बोलायचं नाही. नाही लागली तर परत जायचं."

"आणि नाही लागली तर पुढच्या भरतीला..."

"पुढची नाही ताई. वय उलटतंय. ही शेवटची." ती हसली. "मागच्या वेळी उंचीत बसले होते. बरोबर एकशे पंचावन्न. पळताना पायात गोळा आला म्हणून गेले. ह्या वेळी पळण्याची काही भीती नाही. रोज डोंगर चढून उतरत होते."

"मग कसली भीती?"

"कशाचीच नाही," ती म्हणाली. पण मी विंचरत होते ती मान लाकडासारखी ताठ झाली होती.

उंचीची अट एकशे पंचावन्न सेंटिमीटरची. ती पाटावर चढली, टाचा जुळवल्या, हनुवटी सरळ केली. मी पडद्याकडे बघितलं. एकशे चोपन्न पॉइंट सहा.

नियमाप्रमाणे तीन वेळा मोजायचं. तीनदा तेच आलं. चौगुलेबाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि तिच्या छातीवरच्या कापडावर लाल फुली मारली.

"असं कसं?" आक्काताई म्हणाली. ओरडली नाही, नुसतं विचारलं. दोरीपलीकडून मात्र बिरू गरजला, "ओ म्याडम! गेल्या साली पंचावन्न भरली हुती! पोरगी काय आटती व्हय?"

प्रत्येकाचा भाऊ, बाप असंच ओरडत होता. सकाळपासून कितीतरी पोरी अशाच थोडक्यात गेल्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, लाकडी पट्टीची माया होती ती, आता खरं दिसतंय. पण आक्काताई पाटावरून उतरली तेव्हा टक् असा आवाज झाला. पाट हलला होता. पहाटे मी तो बसवला तेव्हा त्याच्यावर उडी मारली असती तरी हलला नसता. मी वाकून बघितलं. पाटाचे पाय मुरमावर बसवलेले होते. मागचे पाय मुरमात चांगले रुतले होते आणि ज्या कोपऱ्याशी सगळ्यात जास्त रुतले होते तिथे करवंटीचा एक तुकडा पडलेला होता.

नारळाचे ते तीन दणके मला आठवले.

जेवणाच्या सुट्टीत मैदान रिकामं झाल्याबरोबर मी नियमावली गुंडाळून ठेवली, दांडा काढला आणि पाटाच्या मधोमध उभा केला. पडद्यावर एकशे एकोणपन्नास पॉइंट चार. दांडा काही आटला नव्हता. पाट सहा मिलिमीटर खाली गेला होता. कॅमेऱ्याला वाटत होतं पाट अजून पहाटेच्याच जागी आहे, म्हणून सकाळपासून उभी राहिलेली प्रत्येक पोरगी त्याने सहा मिलिमीटरने खुजी करून टाकली होती. आक्काताईची खरी उंची एकशे पंचावन्न पॉइंट दोन होती. ती बसत होती. चांगली बसत होती!

मी तशीच पळत इनामदार साहेबांच्या तंबूत गेले. ते डबा उघडत होते.

"साहेब, पाट खाली गेलाय. सहा मिलिमीटर."

"कशाने?"

"नारळाने."

मी चेष्टा करते आहे का, ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं. मग डबा बंद केला. आले, स्वतः दांडा बघितला, मुरूम बघितला, करवंटीचा तुकडा उचलून खिशात टाकला. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर भांडायला तरी बरं वाटलं असतं.

"लॉक उघडू या," मी म्हणाले. "पुन्हा कॅलिब्रेशन करते. फार वेळ लागायचा नाही."

"पोवारबाई, कुलूप उघडलं असं नुसतं बाहेर कळलं ना, उद्या पेपरला येईल आणि परवा कोर्टात. पूर्ण भरती रद्द. ज्या पास झाल्यात त्यांचीही. त्या पोरींनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

"आणि ज्या नापास झाल्या त्यांनी काय मारलंय?"

त्यांनी खिशातली करवंटी चाचपली.

"बरं, मग लॉकला हात नको लावू या," मी म्हणाले. "पाट वर उचलू. पहाटे होता तिथे आणू. कॅमेरा बरोबरच आहे, त्याच्या खालची जमीन खचली आहे. जमीन जागेवर आणायला कुठला पासवर्ड लागतो?"

हे त्यांना पटलेलं मला दिसलं. पण साहेब लोकांना नुसतं पटून चालत नाही. "विचारावं लागेल वर. फोन करतो. संध्याकाळी अपिलाच्या फेरमोजणीच्या आधी परवानगी आली तर करू."

"अपील केलेल्या चारच पोरी आहेत साहेब. बाकीच्या गेल्या."

"गेल्या त्यांनी अपील केलं नाही."

"त्यांना कुठे ठाऊक होतं पाट खचलाय ते!"

"मग आता एस. टी. स्टँडवर जाऊन हाका मारता का?" ते चिडून म्हणाले आणि लगेच वरमले. "बाई, जेवढं हातात आहे तेवढं करू."

मला त्या गेलेल्या पोरींचे चेहरे आठवत होते. सगळ्यांचे केस मीच ओले करून बसवले होते. पण खरं सांगते, त्या क्षणी माझा सगळा जीव एकीतच अडकला होता. मी म्हणाले, "साहेब, एक करा. फोन होईपर्यंत त्या चौघींना आडवं पडू द्या. सावलीत नुसतं सतरंजीवर. उभं राहिलं की उंची कमी होते. त्यातली ती हाक्केची पोरगी काठावर आहे. संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली तर पाट वर आणून काय उपयोग?"

"खरंच होते कमी?"

"खरंच होते. सेंटिमीटरभरसुद्धा होते."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे मी कुठल्या नियमात बसवू? अपिलातल्या उमेदवारांनी रांगेत उभं राहायचं, जागा सोडायची नाही, असं छापलेलं आहे. आत झोपू दिलं तर उद्या म्हणतील, ह्या चौघींना वेगळी वागणूक दिली."

"झोपणं म्हणजे वागणूक?"

"भरतीत सगळंच वागणूक असतं बाई." आणि ते फोन लावायला गेले.

मग जी दुपार गेली ती मी आजवर विसरलेले नाही. मुख्यालयातले साहेब जेवायला गेलेले. ते आले तर ज्यांची सही पाहिजे ते बैठकीत. बैठक संपली तर त्यांना 'पाट' म्हणजे काय ते कळेना. इनामदार साहेब फोनवर तेच तेच सांगत होते, "नाही सर, कॅमेरा नाही, पाट. नाही सर, बसायचा नव्हे." आणि समोर उन्हात त्या चार पोरी उभ्या.

बिरू दोरीला पोट लावून ओरडत होता, "आक्के, आडवी पड! पड म्हंतो न्हवं!"

ती खरंच मातीत निजली. चौगुलेबाई धावल्या. "ऊठ! भरतीला आलीस का झोपायला?"

"बाई, पडू द्या तिला जरा," मी जाऊन म्हणाले.

"मॅडम, त्या पलीकडच्या खांबावर आमच्यावर रोखलेला वेगळा कॅमेरा आहे. तो बघा लाल दिवा. पोरगी झोपली आणि हवालदार बघत राहिली, असं दिसलं तर माझी नोकरी जाईल. मला पण घर आहे." हळू आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "मला काय आनंद होतोय व्हय हिला उभं करून?"

मी तंबूतून खुर्ची ओढत आणली आणि निम्म्या वाटेत तशीच थांबले. बसल्याने मणके उभं राहण्यापेक्षा जास्त दबतात. हे मला शिकवलेलं होतं. खुर्ची तिथेच मैदानात टाकून दिली. एवढं सगळं मला ठाऊक, आणि त्या ठाऊक असण्याचा काडीइतका उपयोग नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडू कुणावर? भाऊसाहेब केव्हाच गाडीत बसून गेले होते. मी छत्री घेऊन आक्काताईच्या डोक्यावर धरली. तेवढंच.

"ताई, खरंच पाट खचलाय?" तिने विचारलं.

"खरंच. तू बसतेस उंचीत. मघाशी पाटावर चढलीस तेव्हा बसत होतीस."

"मग दादानं मला उगाच नाही आणलं पाठीवरनं."

"अजिबात उगाच नाही."

"सगळी वाडी हसली त्याला." ती दोरीकडे बघून म्हणाली. "वहिनी पण हसली. तो म्हणाला, हसा. पोरगी परत त्या घरात जायची न्हाई."

उन्हं कलली तेव्हा परवानगी आली. इनामदार साहेब जवळजवळ पळतच आले. "पाट समपातळीत करणे, एवढ्यापुरती मंजुरी. माझ्यासमोर करा." मी गुडघ्यांवर बसले. मुरूम ठोकून घट्ट केला, पायांचे स्क्रू फिरवले, लेव्हल लावली, दांडा उभा केला. एकशे पन्नास पॉइंट शून्य. काढून परत ठेवला. तेच. तिसऱ्यांदा तेच. मला इतका आनंद झाला की मी दांड्याच्या चकतीला चक्क हात लावून नमस्कार केला. बिरूने लांबून दोन्ही हात जोडले.

पहिली पोरगी चढली, मिरजेकडची कुणी. एकशे पंचावन्न पॉइंट एक. ती किंचाळली, चौगुलेबाईंच्या गळ्यातच पडली. इनामदार साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जमलं. बाई गं, जमलं!

आक्काताई चढली. टाचा जुळवल्या. तिच्या टाचांना मुरूम लागला होता, तो मी पदराने पुसला, कारण मुरमाचं मोजमाप मला नको होतं. तिने मान वर ताणली. मी म्हणाले, "ताणू नकोस, नुसती सरळ राहा." माझ्याने पडद्याकडे बघवेना. मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

"एकशे चोपन्न पॉइंट सात," चौगुलेबाईंनी वाचलं.

"परत," मी म्हणाले.

एकशे चोपन्न पॉइंट सात.

"परत."

तिसऱ्यांदाही तेच. सगळी दुपार भांडून, फोन करून, पाट सहा मिलिमीटर उचलून तिच्या पदरात एक मिलिमीटर पडला होता. पाच उन्हात गेले होते, तिथे, त्या रांगेत, माझ्या छत्रीखाली.

इनामदार साहेबांनी टोपी काढून हातात घेतली, परत डोक्यावर ठेवली. मी त्यांना म्हणाले, "साहेब, दुपारी ती पंचावन्नच्या वर होती. मी लिहून देते."

"दुपारी पाट खचलेला होता, असंही लिहावं लागेल मग," ते म्हणाले. "आणि मग आजची एकही मोजणी टिकत नाही. आता जी पास झाली तिचीही नाही." मिरजेची पोरगी कडेला उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आक्काताई अजून पाटावरच होती. तिने विचारलं, "ताई, आता मशीन खरं बोलतंय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, की मशीनच बिघडलंय, त्याला काही कळत नाही. तेवढीच तिच्या मनाला उभारी. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी म्हणाले, "हो. आता खरं बोलतंय."

"बरं," ती म्हणाली.

ती उतरली. पाट अजिबात हलला नाही. तिने ओले केस पिळले, गुळगुळीत जागा झाकेल असे बांधले, आणि दोरीकडे निघाली. मी तिच्यामागून दोन पावलं गेले आणि थांबले. काय सांगणार होते मी तिला?

बिरूला आकडा ऐकू गेला नव्हता. मिरजेच्या पोरीची किंकाळी तेवढी ऐकू गेली होती आणि त्यावरून त्याला वाटलं होतं, की सगळ्याच पास. तो हसत होता. बहीण दोरीपाशी येताना दिसल्याबरोबर तो सवयीने तिच्याकडे पाठ करून वाकला. पळण्याची चाचणी दुसऱ्या दिवशी होती, तोवर तिचे पाय दमू नयेत म्हणून असेल.

ती त्याच्या शेजारून अनवाणीच चालत पुढे गेली.

तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूच मान वळवून त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं ते त्याला कळलं. दोरीपाशी ठेवलेले तिचे बूट त्याने उचलले आणि तिच्यामागे चालायला लागला.

फाटकाबाहेर पिकअप उभी होती. तिने हौद्यातली गादी गुंडाळली आणि कडेला लावली. बिरू म्हणाला, "बस की आक्के."

"असू दे," ती म्हणाली. "आता काय त्याचं."

गाडी वळून जतच्या रस्त्याला लागली, तेव्हा ती हौद्यात उभीच होती.